काराथेदोचे चरित्र आणि मार्कोनीसाहेबांचे सुतक

वाचक सज्जनहो, पुढील पानांत एका थोर स्पॅनिश कादंबरीकाराच्या चरित्राची, आणि ते चरित्र मराठीत आणू पाहणाऱ्या एका वृद्ध पित्याची हकिगत मी आपणांसमोर ठेवीत आहे. हकिगत शोकाची आहे. ती ज्या क्रमाने घडली त्याच क्रमाने सांगण्याचा माझा संकल्प आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले असल्याने भाषेत जे उणे आढळेल ते माझे समजावे, आणि जे बरे आढळेल ते मार्कोनीसाहेबांचे समजावे.

मार्कोनीसाहेब म्हणजे श्री. विश्वास खांबेटे. जहाजावरील रेडिओ ऑफिसरास आम्ही खलाशी लोक मार्कोनी म्हणत असू. पुढे आकाशात उपग्रह आले व ती नोकरीच जगातून नाहीशी झाली, परंतु नाव मात्र त्यांस चिकटून राहिले. मी त्यांच्याच जहाजावर इंजिनखात्यात आगवाला, म्हणजे बॉयलरची आग सांभाळणारा, होतो. कालांतराने मी सिंगापुरात एका लाँचवर इंजिन सांभाळू लागलो. नांगरलेल्या जहाजांकडे माणसे व सामान नेणे-आणणे, हे आमचे काम. तिकडे साहेबही वृद्धापकाळी पुत्र व सून यांच्याकडे क्वीन्सटाउनच्या एका जुन्या ब्लॉकमध्ये येऊन राहिले. त्यांचे पुत्र अभयसाहेब तेलवाहू जहाजावर सेकंड इंजिनिअर होते. सूनबाई अनघावहिनी संगणकाच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर. जाई नावाची सात वर्षांची नात. साहेबांची दृष्टी काचबिंदूने गेली होती. उजेड तेवढा कळे, माणूस कळत नसे.

इल्देफोन्सो काराथेदो हा स्पेन देशाचा शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा कादंबरीकार. साहेबांच्या तरुणपणी त्यांचे जहाज कादिझ बंदरात दुरुस्तीसाठी कित्येक महिने अडकून पडले होते. तेथे रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्या एका म्हाताऱ्याने त्यांना काराथेदोची एक फाटकी कादंबरी वाचावयास दिली. शब्दकोशाच्या आधाराने ती वाचता वाचता साहेब स्पॅनिश शिकले, आणि पुढील सर्व आयुष्य त्या एका लेखकाच्या सहवासात काढते झाले. मराठीत त्याचे एक तरी चरित्र असावे, ही त्यांची अखेरची इच्छा होती. डोळे गेल्यामुळे त्यांनी सांगावे व मी लिहावे, असा आमचा परिपाठ पडला. सुटीच्या दिवशी मी सकाळीच जात असे.

“लिही,” साहेब म्हणत. “काराथेदोचा जन्म मिठागरांच्या मालकाच्या घरी झाला. लिहिलंस?”

“लिहिलं. साहेब, आमच्या आजोळीही मिठागर होतं.”

“तुझं आजोळ चरित्रात घालू नकोस. तो आधीच गरीब झाला होता, तुझ्या आजोळानं आणखी होईल.”

माझे पेन जरा थांबले की त्यांना तत्काळ कळे. “थांबलास का रे?”

“शाई संपली वाटतं, साहेब.”

“बॉलपेनला कसली शाई? आगवाल्याला बहाणेसुद्धा कोळशाच्या जमान्यातले सुचतात!”

असे ते बोलत, आणि अनघावहिनी स्वयंपाकघरातून हसत. काराथेदोच्या वडिलांचा मिठागराचा धंदा बुडाला, वकिलीचे शिक्षण अर्धवट राहिले, वर्तमानपत्रात मयतांच्या बातम्या लिहून त्याने पोट भरले, मग ‘खाऱ्या विहिरीची गल्ली’ ही कादंबरी लिहिली आणि एका हिवाळ्यात त्याचे नाव देशभर झाले, इथपर्यंत आमचे लेखन येऊन पोहोचले होते. ते सन २०१४ चे श्रावण-भाद्रपदाचे दिवस होते.

त्या श्रावणातल्या शेवटच्या शुक्रवारी सिंगापूरच्या समुद्रात नांगरलेल्या अभयसाहेबांच्याच जहाजाच्या रिकाम्या टाकीत एक खलाशी बेशुद्ध होऊन पडला. आत श्वासापुरती हवा नव्हती. त्यास काढण्यासाठी अभयसाहेब खाली उतरले. खलाशी वाचला. अभयसाहेब वाचले नाहीत.

ही वार्ता मला सायंकाळी धक्क्यावरच कळली. समुद्रावरची वाईट बातमी लाँचवाल्यांस प्रथम कळते. मी तसाच क्वीन्सटाउनला गेलो. ब्लॉकच्या खाली, खांबांमधल्या मोकळ्या जागेत, अनघावहिनी दगडी बाकावर बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी अभयसाहेबांचे चुलतभाऊ शैलेंद्र व त्यांच्या पत्नी उल्कावहिनी होत्या. जाईस त्यांनी आधीच आपल्या कॉन्डोतल्या घरी नेऊन ठेवले होते.

“काकांना सांगायचं नाही,” शैलेंद्रसाहेब म्हणाले. “डॉक्टर काय म्हणाले ते सगळ्यांनी ऐकलंय. त्यांचं हार्ट हा धक्का घेणार नाही. एका दिवशी दोन माणसं मी नाही गमावणार.”

ते असे म्हणाले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. अभयसाहेब व ते एकाच अंगणात वाढले होते. हे मी मुद्दाम लिहितो, कारण त्यांच्या हेतूविषयी कोणी शंका घ्यावी अशी माझी इच्छा नाही.

“आणि पुढच्या शुक्रवारी गणपती,” उल्कावहिनी म्हणाल्या. “काकांनी मूर्ती सांगून ठेवलीये. घरात सुतक असताना मूर्ती कशी बसवायची?”

“मी पुण्याला गुरुजींना विचारलं. ज्याला कळलं नाही त्याला सुतक नाही. कळेल तेव्हापासून. शास्त्रच आहे. आपण कुणी मूर्तीला हात लावायचा नाही, काका एकटे पूजा करतील. विसर्जन होऊ दे, मग मी स्वतः सांगेन.”

“आणि मी?” अनघावहिनी प्रथमच बोलल्या. “मी त्यांच्यासमोर कशी वावरू?”

“वावर नेहमीसारखी,” उल्कावहिनी हळूच म्हणाल्या. “बांगड्या मात्र काढू नकोस गं. त्यांना आवाजावरून कळतं.”

मला राहवले नाही. “शैलेंद्रसाहेब, बापाला मुलाचं शेवटचं तोंड तरी—”

“तोंड बघायला त्यांना दिसतंय कुठं, नंदू?”

वाचकहो, ही रीत मला अपरिचित नव्हती. आमच्या डोर्ले गावात माणूस जहाजावर असताना घरी कोणी वारले तर त्यास कळवीत नसत. भर समुद्रात त्याने काय करावे? तो धक्क्यावर उतरला की मग कोणीतरी वडीलधारा पुढे होऊन सांगे. तो तेथेच अंगावरच्या कपड्यांनिशी स्नान करी, आणि मग घराकडे पाऊल टाकी. परंतु ती रीत दूर असलेल्या माणसासाठी होती. पलीकडच्या खोलीत खुर्ची टाकून बसलेल्या माणसासाठी नव्हती. हे मला तेव्हा अंतःकरणात जाणवले, पण चार शिकलेल्या माणसांत मुखातून निघाले नाही.

चार दिवस असे गेले. “अभयचा फोन नाही आला,” साहेब विचारीत, आणि अनघावहिनी बांगड्या वाजवीत चहा ठेवून म्हणत, “जहाज नेटवर्कबाहेर आहे, बाबा.” सरकारी तपासणी होऊन मंगळवारी देह ताब्यात मिळाला. बुधवारी साडेअकरा वाजता मंडाईच्या विद्युतदाहिनीत अंत्यसंस्कार ठरला. त्या वेळेत साहेबांना लेखनात गुंतवून ठेवण्याचे काम शैलेंद्रसाहेबांनी माझ्यावर टाकले. मी नकार देणार होतो. तोच अनघावहिनी म्हणाल्या, “नंदूभाऊ, तुम्ही बसाच. आम्ही सगळे तिकडे, आणि ते घरात एकटे, हे मला सहन होणार नाही.” म्हणून मी गेलो.

बुधवारी सकाळी साहेब आंघोळ, पूजा आटोपून खिडकीशी बसले होते. स्वारी प्रसन्न होती.

“आलास? बस. आज मार्तीनचा अध्याय.”

काराथेदोच्या मुलाचे नाव मार्तीन. तो आरमारात होता व दूरच्या बंदरात तापाने मेला, एवढे मला पूर्वीच्या बोलण्यातून ठाऊक होते.

“साहेब, तो पुढे घेऊ. आज त्याच्या सगळ्या कादंबऱ्यांची यादी करून टाकू या का?”

“याद्या कारकून करतात. लिही.”

मी लिहू लागलो. आतल्या खोलीत अनघावहिनी निघण्याची तयारी करीत होत्या. साहेब डोळे मिटून, एकेक वाक्य जुळवून सांगत होते, ते असे:

“मार्तीनच्या मृत्यूची तार माद्रिदला आली तेव्हा काराथेदो ‘सोमवारचा नवरदेव’ ही विनोदी कादंबरी लिहीत होता. त्याची दृष्टी अधू झाली होती व वर्तमानपत्र त्याला मित्र वाचून दाखवीत. डॉक्टर, छापखान्याचा मालक व एक कवी अशा तिघांनी ठरवले की पुस्तक पुरे होईतो त्याला कळू द्यायचे नाही. ते रोज येत, वर्तमानपत्रातली ती बातमी गाळून बाकीचे वाचीत, आणि त्याने लिहिलेल्या विनोदांना मोठमोठ्याने हसत. देह बोटीने आला. त्यांनीच तो पुरला. त्या दिवशी काराथेदोने नवरदेव घोड्यावरून पडतो ते प्रकरण लिहिले. आजही स्पेनमध्ये लोक ते वाचून पोट धरून हसतात.”

“साहेब, जरा पाणी घेता?”

“मध्येच तोडू नकोस. लिही. त्याला कळले तेव्हा त्याने तिघांना घरात येण्यास बंदी केली व ते पुस्तक आपल्या हयातीत पुन्हा छापू दिले नाही. चरित्रकार लिहितात की काराथेदो कृतघ्न होता, मित्रांनी त्याचा जीव वाचवला आणि त्याने त्यांना क्षमा केली नाही. मलाही पूर्वी तसेच वाटे.” येथे साहेब थांबले. “हे वाक्य काट. मला काय वाटे त्याचं काय काम? असं लिही. मित्रांनी त्याचा जीव वाचवला असेल. पण मुलाला त्यांनी बापाशिवाय पुरले. मेलेल्या माणसाला या जगात अखेरचे जे देणे असते तेच त्यांनी अडवले.”

माझा हात पुढे चालेना.

“पेन थांबलं, नंदू. आज कसला बहाणा?”

दारात अनघावहिनी उभ्या होत्या. साधी पांढरट साडी, हातात पर्स. त्या केव्हापासून ऐकत होत्या हे मला ठाऊक नाही. खाली टॅक्सी येऊन थांबली असावी, कारण त्यांचा फोन थरथरत होता व त्या तो घेत नव्हत्या. त्या पुढे आल्या, साहेबांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसल्या, आणि त्यांनी त्यांचा हात हातात घेतला.

“बाबा, अभय आता नाही.”

साहेबांनी वहिनींच्या हातावरून आपला हात कोपरापर्यंत नेला आणि पुन्हा मनगटापाशी आणला. मनगट मोकळे होते.

“कधी?”

“शुक्रवारी. टाकीत उतरला होता.”

“एकटा? वर कुणी उभं नव्हतं?”

“एक मुलगा आत पडला होता. त्याला काढायला.”

“मग तो उतरणारच,” साहेब म्हणाले. “कुठं आहे?”

“मंडाईला. साडेअकराला आहे.”

“आता किती वाजलेत?”

“साडेदहा,” मी म्हणालो.

“नंदू, कपाटातला पांढरा सदरा काढ. चपला खिडकीखाली आहेत.”

टॅक्सीत मी पुढे बसलो होतो. माझे सर्व लक्ष मागे, साहेबांच्या श्वासाकडे लागले होते. डॉक्टरांनी सांगितलेला धक्का तो हाच, आणि तो आता येईल, मग येईल, असे मला प्रत्येक सिग्नलला वाटत होते. तो आला नाही. ते ताठ बसून होते.

मंडाईच्या दालनात जहाज कंपनीची दोन माणसे, अनघावहिनींच्या कचेरीतील मंडळी आणि तेथील मराठी मंडळाचे काही सभासद उभे होते. आम्हांस पाहताच शैलेंद्रसाहेब धावत आले.

“काका! अनघा, हे काय केलंस? काका, बसा आधी. तुमच्या तब्येतीसाठीच आम्ही—”

“शैलेंद्र,” साहेब म्हणाले, “माझी तब्येत कुणासाठी राखत होतास?”

शैलेंद्रसाहेबांनी मान फिरवली व त्यांचे खांदे हुंदक्यांनी हलू लागले. साहेबांनी त्यांना जवळ घेतले नाही, की दूरही लोटले नाही.

पेटी बंद होती. तपासणीनंतर देह दाखविण्याजोगा राहिला नसल्याचे अंत्यविधीच्या चिनी माणसाने इंग्रजीत हलक्या आवाजात सांगितले. म्हणजे त्या दालनात डोळस काय आणि आंधळे काय, पाहण्यासारखे कोणालाच काही नव्हते.

“डोकं कुठल्या बाजूला?” साहेबांनी विचारले.

मी ते इंग्रजीत विचारले. “अंकल, दिस साइड,” असे म्हणून त्या माणसाने त्यांचा हात धरून लाकडावर ठेवला. साहेबांनी दोन्ही तळहात पसरून ती बाजू चाचपली. मग एका बोटाने ते लाकडावर हलके हलके ठोकू लागले. काही ठोके तोकडे, काही लांबलेले. आयुष्यभर ज्या भाषेत त्यांनी समुद्रापलीकडे निरोप धाडले त्या भाषेत ते काहीतरी सांगत होते. ती भाषा तेथे दुसऱ्या कोणास येत नव्हती. पुष्कळ वेळ ते ठोकत राहिले. वेळ झाली म्हणून सांगण्याचे धैर्य कंपनीच्या माणसांनाही झाले नाही.

अग्नी देण्याचा विधी शैलेंद्रसाहेबांनी करावा असे ठरले होते. साहेबांनी आपला हात पुढे केला व सर्व बाजूला झाले. त्यानंतर आम्ही काचेमागच्या दालनात उभे राहिलो. पेटी आपोआप सरकत आत गेली.

“गेला का?” साहेबांनी विचारले.

“हो, बाबा,” अनघावहिनी म्हणाल्या.

घरी आल्यावर स्नाने झाली. शैलेंद्रसाहेब दाराशी उभे राहिले. त्यांना काहीतरी उपयोगी बोलावयाचे होते, असे मला वाटले. “काका, मूर्तीचं मी रद्द करतो. आणि सुतकाचं... उशिरा कळलं तरी दहाच्या आत कळलं, तर उरलेलेच दिवस धरतात. आपल्या सगळ्यांचं एकदमच सुटेल.”

“तुमचं सुटू दे,” साहेब म्हणाले. “माझे दिवस आजपासून. पूर्ण.”

“पण काका, शास्त्र—”

“गेले चार दिवस मी देवाला फुलं वाहिली. सोमवारी शिरा मागून खाल्ला. नंदूची थट्टा केली. माझा पोरगा शवागारात होता आणि मी हसत होतो. ते दिवस तुझ्या शास्त्रात कुठं धरलेत ते गुरुजींना विचार.”

शैलेंद्रसाहेब गेले. दहाव्या दिवसापर्यंत माणसे येत राहिली. दहाव्याला रीतीप्रमाणे सर्व झाले, घर धुतले गेले, देवापाशी दिवा लागला. दुसऱ्या दिवसापासून अनघावहिनींना कचेरीत हजर व्हावे लागले. जाईची शाळा सुरू झाली. मंडळी ज्याच्या त्याच्या कामास लागली. साहेब मात्र जमिनीवरच्या चटईवर तसेच होते. देवाकडे ते तोंडही करीत नसत. अळणी भात वाढून वहिनी जात, आणि तो पुष्कळदा तसाच पडलेला असे. मी लाँचवरून सुटलो की जाऊन दाराजवळ बसे. मी परका, मला सुतक नव्हते. तरी मी त्यांच्या घरचे पाणी तेवढे घेई.

एकदा मी धीर करून विचारले, “साहेब, काराथेदोचं पुढं कधी लिहायचं?”

“तू लिहिलेलं शेवटचं वाक्य कुठलं?”

मी वाचून दाखवले.

“तिथंच राहू दे. पुढं सांगायला बसलो तर त्याचं म्हणून माझंच सांगेन. एका थोर माणसाच्या चरित्रात तेवढी भेसळ नको.”

त्यानंतर आमचे लेखन झाले नाही. साहेबांचे हृदय आजही चालते आहे, डॉक्टर स्वतः आश्चर्य करतात. शैलेंद्रसाहेब दर रविवारी येतात. साहेब त्यांना बसा म्हणतात, चहा द्या म्हणतात. याहून अधिक बोलणे होत नाही. काराथेदोच्या व साहेबांच्या हकिगतींतील साम्य ज्याला घडवून आणलेले वाटेल त्यास वाटो, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेले लिहितो.

त्या वाढीव दिवसांतील एका दुपारी मी तेथे असता जाई शाळेतून आली. दप्तर टाकून ती चटईपाशी गेली. सर्वांचे सुतक संपले हे तिला घरात सांगण्यात आले होते. शाळेत तिने मैत्रिणींबरोबर खेळावयासही सुरुवात केली होती. आजोबा अजून खालीच बसलेले पाहून ती बावरली, व त्यांच्या गुडघ्यास गुडघा लावून बसली.

“आजोबा, एव्हरीवन फिनिश ऑलरेडी लाह. यू स्टिल नॉट फिनिश, आह?”

“नाही गं,” साहेब म्हणाले. “अजून नाही.”

मग पायांतले शाळेचे मोजे काढून तिने ते बाजूला ठेवले, आणि तीही तेथेच बसून राहिली.

येथे हकिगत पुरी झाली. आपला अमूल्य वेळ देऊन ती शेवटपर्यंत वाचणाऱ्या सर्वांचा मी अंतःकरणपूर्वक ऋणी आहे, आणि कोणाच्याही घरी अशी वार्ता दाराबाहेर उभी राहण्याची पाळी येऊ नये अशी प्रार्थना करतो.

आपला नम्र,
नंदकुमार धोंडू डोर्लेकर
माजी आगवाला, हल्ली मुक्काम सिंगापूर